कॉलेजात एनसीसी करून ऑफिसर, की आधी अग्निवीर? जन्मतारखेपासून सुरुवात करा

फेब्रुवारी २०२४. परेड संपली होती, रिफ्रेशमेंटची केळी वाटून झाली होती आणि टीवायचा एक सार्जंट माझ्या मागोमाग जिमखान्यापर्यंत आला. "सर, सी सर्टिफिकेटची परीक्षा देतोय. एसएसबीचं बघतो. नाहीच जमलं तर अग्निवीर भरतो, फॉर्म सुटलेत."

सी सर्टिफिकेट म्हणजे एनसीसीच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा, एसएसबी म्हणजे ऑफिसर निवडीची पाच दिवसांची मुलाखत आणि अग्निवीर म्हणजे चार वर्षांच्या करारावरची जवान भरती. मी त्याला जन्मतारीख विचारली. ९ सप्टेंबर २००३. त्या वर्षीच्या अधिसूचनेत जन्म १ ऑक्टोबर २००३ ते १ एप्रिल २००७ या दरम्यानचा हवा होता. बावीस दिवसांनी गाडी चुकली. आदल्या वर्षी तो आरामात बसला असता. तीन वर्षं ज्याला तो हातचा पर्याय समजत होता, तो त्याच्या नकळत निघून गेला होता. मलाही ते त्याच दिवशी कळलं, याची लाज वाटली. तालुक्याच्या कॉलेजात मी बारा वर्षं शिकवतोय आणि एएनओ म्हणून एनसीसीही सांभाळतोय. हजेरीपटावर प्रत्येकाची जन्मतारीख माझ्याच हस्ताक्षरात होती.

आपल्याकडे हा विषय घरात निघतो तो मानापानाचा म्हणून. ऑफिसर म्हणजे मोठं, जवान म्हणजे नाइलाज, असं कुणी म्हणतं. कुणी म्हणतं, खरी फौज जवानाचीच. सातारा-सांगलीकडे तर घराघरात फलटणीतला कुणीतरी असतो आणि प्रत्येकाचं मत ठरलेलं असतं. पोरासमोरचा खरा प्रश्न मात्र कॅलेंडरचा आहे. "आधी ग्रॅज्युएशन, मग ऑफिसरचा प्रयत्न, नाहीतर भरती" हा क्रम ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि हिशोबात बसत नाही. भरतीची वाट आधी संपते.

पहिलं काम: वयाचा कागद

वहीचं एक पान घ्या. वर दहावीच्या प्रमाणपत्रावरची जन्मतारीख लिहा. आधारवरची वेगळी असेल तर आधी ती दुरुस्त करा. खाली एकेक वाट आणि ती तुमच्यासाठी कुठल्या महिन्यात बंद होते ते लिहा.

एनडीएला (खडकवासल्याची प्रबोधिनी, बारावीनंतरच ऑफिसर व्हायची वाट) साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वय आणि बारावी लागते. कॉलेजात आलेल्यांना वाटतं ती वेळ गेली, पण एफवायला अठरा वर्षांचा असलेल्याला अजून एखादी संधी असते. ती सोडू नका. २०२२ पासून मुलींनाही खडकवासल्यात प्रवेश आहे.

जून २०२२ मध्ये अग्निवीर योजना आली तेव्हा वय साडेसतरा ते एकवीस ठरलं, फक्त पहिल्या वर्षापुरती वरची मर्यादा तेवीस होती. दर वर्षीच्या अधिसूचनेत 'या तारखेपासून या तारखेपर्यंत जन्मलेले' अशी चौकट येते. ती थोडी इकडेतिकडे सरकू शकते, म्हणून वय मोजत न बसता चौकट बघा. अठराव्या वर्षी एफवायला आलेला पोरगा टीवाय संपवतो तेव्हा एकवीस पार करतो किंवा अगदी काठावर असतो. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल, दहावीला किंवा बारावी सायन्सला, तर एसवायलाच ही वाट बंद होते.

एसएससी जीडी म्हणजे सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ वगैरेंची भरती. वय अठरा ते तेवीस, राखीव प्रवर्गांना सवलत. हे सैन्य नव्हे, निमलष्करी दल. पण नोकरी कायमची आहे आणि एनसीसीचा इथे रोकडा फायदा होतो. सी प्रमाणपत्राला एकूण गुणांच्या ५ टक्के, बीला ३ आणि एला २ टक्के जादा मिळतात.

ऑफिसरच्या वाटा उशिरापर्यंत खुल्या राहतात. सीडीएस या पदवीधरांच्या लेखी परीक्षेतून डेहराडूनच्या आयएमए या प्रबोधिनीसाठी चोविसापर्यंत, चेन्नईच्या ओटीए या प्रबोधिनीसाठी पंचविसापर्यंत. एनसीसी स्पेशल एन्ट्रीला एकोणीस ते पंचवीस. हवाई दलाच्या एएफकॅट परीक्षेला फ्लाइंगसाठी वीस ते चोवीस, ग्राउंड ड्युटीला सव्वीसपर्यंत.

हा कागद एकदा भरला की निम्मी चर्चा आपोआप संपते. दोन्हीकडे प्रयत्न करायचे असतील तर जवान भरतीचा प्रयत्न एफवाय-एसवायला आणि ऑफिसरचा टीवायपासून पुढे. उलट क्रम लावला तर दुसरा पर्याय उरतच नाही.

एनसीसी म्हणजे नेमकं काय, आणि काय नाही

दर वर्षी जूनमध्ये दोन प्रकारचे पालक भेटतात. एकांना वाटतं एनसीसीत नाव घातलं की पोरगं सैन्यात गेलं, लढाई झाली तर उचलून नेतील. दुसऱ्यांना वाटतं सी सर्टिफिकेट मिळालं की ऑफिसर झालाच. दोन्ही खरं नाही. अमेरिकेत नातलग असणाऱ्यांनी तिथल्या आरओटीसीबद्दल ऐकलेलं असतं: शिष्यवृत्ती, कमिशन (ऑफिसर म्हणून नेमणूक) आणि त्याबदल्यात ठरावीक वर्षांची सेवा. आपली एनसीसी १९४८ च्या कायद्याने उभी राहिली आणि तिच्यात यातलं काहीच नाही. बंधन नाही, पगार नाही, कमिशनची हमीही नाही. मिळतं ते इतकंच, की काही ठिकाणी वेगळी रांग असते आणि त्या रांगेत उभं राहायला तीन वर्षांची तयारी झालेली असते.

ती रांग अशी. सी प्रमाणपत्र किमान बी ग्रेडने असेल आणि पदवीला ५० टक्के असतील तर स्पेशल एन्ट्रीतून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीसाठी अर्ज करता येतो. शेवटच्या वर्षातल्यांनाही, आधीच्या वर्षांत सरासरी ५० टक्के असतील तर, अर्ज करता येतो. वर्षातून दोन कोर्स. एका कोर्सला पुरुषांच्या जागा पन्नास ते सत्तर आणि मुलींच्या पाच-सहा, तेवढ्याच, सगळ्या देशात मिळून. म्हणून मी कॅडेटना सांगतो, स्पेशल एन्ट्रीवर एकट्यावर बसू नका, सीडीएस भराच. तिथे ओटीएच्या पुरुषांच्या जागा पावणेतीनशेच्या घरात असतात आणि आयएमएच्या शंभरापैकी तेरा जागा एनसीसी आर्मी विंगच्या सी प्रमाणपत्रधारकांसाठी असतात. सीडीएस वर्षातून दोनदा होते. ओटीएला इंग्रजी आणि सामान्य ज्ञान असे दोनच पेपर आहेत, गणित नाही. आर्ट्सच्या पोरांना हे सांगितलं की चेहरे उजळतात.

एफवाय: नाव घालणं आणि टिकणं

प्रवेश झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात एनसीसीच्या सूचना फलकाकडे लक्ष ठेवा. निवडीत बहुतेक ठिकाणी धावणं, उंची, थोडं लेखी आणि दोन प्रश्न तोंडी असतात. जागा मोजक्या असतात. कॉलेज निवडतानाच तिथे एनसीसी आहे का, कुठली विंग आहे आणि मुलींसाठी जागा किती हे विचारून घ्या. एफवायचं वर्ष गेलं तर तीन वर्षांचं गणित कोलमडतं, कारण बी प्रमाणपत्र दुसऱ्या वर्षी, सी तिसऱ्या वर्षी आणि बीशिवाय सी नाही.

हजेरी ७५ टक्के लागते. बीसाठी एक कॅम्प, सीपर्यंत मिळून दोन. दहा दिवसांचा सीएटीसी कॅम्प नेमका इंटर्नल परीक्षांच्या तोंडावर येतो आणि गणिताचे मास्तर सोडायला तयार नसतात. प्राचार्यांच्या सहीचं पत्र आधी घेऊन ठेवा.

कॅम्पात पहाटेची पीटी, ड्रिल, पॉइंट टू टू रायफलचं फायरिंग, दुपारी मॅप रीडिंग आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. तंबूत किंवा हॉलमध्ये चाळीस जण, एक नळ, मेसला ताट घेऊन लांब रांग. तिसऱ्या दिवशी निम्म्यांचे पाय सोललेले असतात आणि घरी फोन लावून रडणारेही असतात. हे दहा दिवस नीट बघा. मला कॅम्पात कोण उत्तम ड्रिल करतो यापेक्षा पाचव्या दिवशी रात्री भांडी घासायची पाळी आल्यावर कोण कुठे असतो हे जास्त सांगून जातं. आणि तुम्हाला स्वतःलाही तिथेच कळतं की ही चाकोरी आयुष्यभर आवडेल की नाही. वर्दीचा फोटो आवडणं वेगळं.

ज्या कॉलेजात एनसीसी नाही त्यांनी हिरमुसून जाऊ नये. सीडीएस आणि एएफकॅट सगळ्यांना खुल्या आहेत. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी टीजीसीसारख्या वेगळ्या एन्ट्री आहेत.

एसएसबी, जिथे आपली पोरं परत येतात

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण ग्राउंडला आपली पोरं कधी कमी पडत नाहीत. पडतात ती इथे.

भोपाळ, प्रयागराज, बेंगळुरू, जालंधर अशा केंद्रांवर पाच दिवसांची ही निवड असते. त्या एन्ट्रीसाठी पहिल्यांदा जात असाल तर रेल्वेचं भाडं मिळतं, तिकीट जपून ठेवा. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग: बुद्धिमापनाची चाचणी आणि पीपीडीटी. एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची. मग पंधरा-वीस जणांच्या गटात प्रत्येकाने आपली गोष्ट सांगायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. दुपारपर्यंत निकाल. मोठा गट बॅगा घेऊन स्टेशनवर.

आपला पोरगा गोष्ट बरी लिहितो. नंतर गटात दिल्ली-चंडीगडकडची पोरं एकदम मोठ्या आवाजात इंग्रजी सुरू करतात आणि हा गप्प होतो. परत आल्यावर म्हणतो, "सर, इंग्रजी कमी पडलं." मी त्याला विचारतो, किती वाक्यं बोललास? उत्तर येतं, एक. व्याकरणाच्या चुका तिथे खपतात. एकही मुद्दा न मांडता बसून राहणं खपत नाही. आणि नुसतं ओरडणारेही बाहेर पडतात, हे आपल्या पोरांना माहीत नसतं.

यावर आम्ही एक साधी गोष्ट केली. दर शनिवारी परेडनंतर वर्तमानपत्रातला एक फोटो घ्यायचा, मथळा कापून टाकायचा, चार मिनिटं लिहायचं आणि कॅन्टीनमागच्या कट्ट्यावर गोल करून प्रत्येकाने एक मिनिट इंग्रजीत बोलायचं. चहा आल्याशिवाय थांबायचं नाही. पहिले दोन महिने हसण्यातच जातात. सहा महिन्यांनी आवाज फुटतो. याला क्लासची फी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या चाचण्या: बारा चित्रांवर गोष्टी (शेवटचं चित्र कोरं), साठ शब्द प्रत्येकी पंधरा सेकंदांत, साठ प्रसंग तीस मिनिटांत आणि स्वतःविषयी लिहिणं. बाजारात याची पाठ करायची उत्तरं मिळतात. ती पाठ करून गेलेला पोरगा मुलाखतीत उघडा पडतो, कारण कागदावर एक माणूस असतो आणि खुर्चीत दुसरा. नंतरचे दोन दिवस मैदानावरची गटकामं: चर्चा, फळ्या-दोऱ्यांनी अडथळा ओलांडणं, लेक्चरेट म्हणजे छोटं भाषण, कमांड टास्क. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स, म्हणजे सगळ्या परीक्षकांसमोर एकेकाला बोलावणं.

मुलाखतीआधी एक माहितीपत्रक भरून घेतात, त्याला पीआयक्यू म्हणतात. तिथे लिहाल त्यातूनच प्रश्न निघतात. आमच्या एका कॅडेटने 'मोकळ्या वेळात वडिलांना शेतीत मदत' असं लिहिलं. समोरच्या अधिकाऱ्याने विचारलं, ऊस कुठल्या जातीचा आहे, एकरी किती टन पडतो, कारखान्याने मागच्या हंगामात काय दर दिला? पोराला एकाचंही उत्तर आलं नाही. घरचा दोन एकर ऊस आणि हा तीन वर्षं तालुक्याला रूम करून राहिलेला. त्यात त्याची चूक नव्हती, लिहिण्यात होती. लिहायचंच होतं तर रूमवर चार जणांचा स्वयंपाक आणि महिन्याचा हिशोब हाच सांभाळायचा, ते लिहायला हवं होतं. अधिकाऱ्याला जबाबदारी घेणारा माणूस हवा असतो. गावाकडच्या पोरांकडे तशा गोष्टी ढीगभर असतात; त्यांना त्या सांगण्यासारख्या वाटत नाहीत.

नाशिकरोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. सीडीएस आणि एसएसबीची तयारी तिथे करून घेतात, राहणं-जेवणासह मोफत. सीडीएस लेखी पास झालेल्यांना किंवा सी प्रमाणपत्र ए अथवा बी ग्रेडने मिळवून एनसीसी ग्रुप हेडक्वार्टरकडून एसएसबीसाठी शिफारस झालेल्यांना तिथल्या एसएसबी वर्गाला अर्ज करता येतो. मुलाखतीची सूचना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून निघते. त्या कार्यालयात महिन्यातून एकदा चक्कर मारा. खासगी क्लासला पैसे ओतण्याआधी हे दार वाजवा, एवढंच सांगतो.

निवड झाली, मेडिकल पास झालं आणि मेरिटमध्ये नाव आलं की चेन्नईला ४९ आठवड्यांचं ट्रेनिंग. त्या काळात महिना ५६,१०० रुपये स्टायपेंड. बाहेर पडताना लेफ्टनंट. शॉर्ट सर्व्हिस दहा वर्षांची, पुढे चार वर्षं वाढवता येते, आणि दहा वर्षांनी परमनंट कमिशन मागता येतं. फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर महिला अधिकाऱ्यांनाही.

अग्निवीर: दोन परीक्षा, एक मैदान

२०२३ पासून क्रम उलटा झाला आहे. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, जिला सीईई म्हणतात, आणि ती पास झालेल्यांनाच मैदानावर बोलावतात. नुसतं पळून भागत नाही. जीडीला (जनरल ड्युटी, म्हणजे सर्वसाधारण जवान) ५० प्रश्न, १०० गुण, एक तास, चुकीला गुण कापले जातात. २०२५ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते. गावोगावच्या अकॅडम्यांत पोरं पहाटे चारला उठून पळतात आणि पुस्तक महिनाभर आधी उघडतात. मैदानावरचं बोलावणं लेखीनेच ठरतं.

जीडीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३. क्लार्कला बारावी ६० टक्के, प्रत्येक विषयात ५०. बारावीला बरे गुण असतील तर क्लार्कचा विचार जरूर करा. गर्दी त्या मानाने कमी असते. एनसीसी प्रमाणपत्रांचे बोनस गुण मिळतात, म्हणजे एफवाय-एसवायची मेहनत इथेही कामाला येते.

मैदानावर सोळाशे मीटर. साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पैकीच्या पैकी साठ गुण. दहा बीमला (पुल-अप्स) चाळीस. शिवाय नऊ फुटांचा खंदक आणि झिगझॅग बॅलन्स, ते फक्त पास व्हायचं असतं. महाराष्ट्राला जीडीसाठी उंची १६८ सेंटिमीटर, छाती ७७ आणि फुगवून पाच जास्त. आता एक गंमत बघा. १६२ सेंटिमीटरचा पोरगा जीडीतून मापातच बाहेर पडतो आणि समजतो सैन्य संपलं. ऑफिसरला किमान उंची १५७ सेंटिमीटरच्या आसपास आहे. उंचीने मागे पडलेली कितीतरी पोरं सीडीएसकडे वळतच नाहीत, कारण हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

मुलींसाठी सैन्यातली अग्निवीर भरती मिलिटरी पोलिसांत आहे आणि जागा थोड्या. म्हणून मुलींना माझा सल्ला सरळ असतो: एनसीसी, सीडीएस, एएफकॅट हाच मुख्य रस्ता धरा.

घरी बसून करायचा हिशोब

वडिलांना सोबत घेऊनच करा. अग्निवीरचं पॅकेज पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, मग ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के सेवानिधीत जातात. हातात येतात २१,०००, २३,१००, २५,५५० आणि २८,०००. चार वर्षांत हातात मिळून पावणेबारा लाखांच्या आसपास. राहणं, जेवण, कपडे सैन्याचे, त्यामुळे यातले बरेच मागे पडू शकतात. सेवानिधीत तुमचे पाच लाख दोन हजार, सरकारचे तेवढेच, व्याज धरून शेवटी साधारण ११ लाख ७१ हजार, करमुक्त. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. सेवेत असताना ४८ लाखांचा विमा. चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे कायम ठेवतात.

म्हणजे बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पोरगा साधारण तेवीस लाख रुपये पाहिलेला, शिस्त लागलेला आणि चारपैकी तीन शक्यता धरल्या तर नोकरी शोधणारा. गावात त्या पैशाचं काय होतं हे मला माहीत आहे: बहिणीचं लग्न, घरावर स्लॅब, एक गाडी. कुणाला नाव ठेवत नाही. पण ते पैसे कशासाठी आहेत हे भरतीआधी घरात ठरलं तर बरं. माजी अग्निवीरांसाठी केंद्रीय पोलीस दलांत १० टक्के आरक्षण आणि वयात सवलत २०२२ मध्येच जाहीर झाली. पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेली, त्यांची चार वर्षं २०२६ च्या शेवटापासून पुरी होतात. म्हणून 'नंतर सगळं मिळतं' असं छातीठोक सांगणाऱ्यावर आणि 'नंतर काहीच नाही' म्हणणाऱ्यावरही सारखाच कमी विश्वास ठेवा.

दुसऱ्या बाजूला ऑफिसरच्या वाटेचा खर्चही मोजा. तेवीस-चोविसापर्यंत घरात बसून प्रयत्न करायचे म्हणजे त्या काळात कमाई शून्य. रूमचं भाडं, मेस, फॉर्म, प्रवास. आणि शेवटी निवड न होण्याचीच शक्यता जास्त. निवड झाली तर मूळ वेतन ५६,१०० आणि वर मिलिटरी सर्व्हिस पे १५,५००. आकडा मोठा आहे, पण तो आल्यावर.

मग मी कुणाला काय सांगतो

घरात कर्ज आहे, वडील थकलेत, धाकटी भावंडं आहेत, पोरगा अठरा-एकोणीसचा आणि पळायला तयार आहे: एसवायची वाट न बघता अग्निवीर भरायला सांगतो. कॉलेज सुटलं तरी पदवी सोडू नकोस, हे दहा वेळा सांगतो. अग्निवीरांसाठी इग्नूने खास पदवी आखली आहे, त्यात निम्मी क्रेडिट सेवेतल्या प्रशिक्षणाची धरली जातात. अठराव्या वर्षी गेलेला बाविसाव्या वर्षी पदवी घेऊन बाहेर आला तर ओटीएच्या सीडीएसला त्याच्याकडे अजून तीन वर्षं असतात. अशा पोराला एसएसबीत सांगण्यासारखं भरपूर असेल. सेवेत राहून ऑफिसर व्हायची एसीसीची वाटही आहे, डेहराडूनला. तिथे किमान दोन वर्षं सेवा आणि वीस ते सत्तावीस वय लागतं. ती नियमित सेवेतल्या सैनिकांची वाट म्हणून ओळखली जाते. चार वर्षांच्या कराराचा बेत तिच्यावर आखू नका.

घर दोन-तीन वर्षं थांबू शकतं आणि पोराला वाचायची, बोलायची, चार जणांना घेऊन काम करायची आवड आहे: पूर्ण तीन वर्षं एनसीसी, टीवायला सीडीएस, सी प्रमाणपत्राचा निकाल हातात आला की स्पेशल एन्ट्री. हा निकाल उशिरा लागतो आणि अर्जाच्या वेळी प्रमाणपत्र लागतं, म्हणून टीवायचं वर्ष संपताच अर्ज करता येईल असं धरून चालू नका. त्या मधल्या सहा-आठ महिन्यांसाठी काहीतरी काम हाताशी ठेवा.

बहुतेक पोरं या दोहोंच्या मध्ये असतात. त्यांना मी एसवायच्या वर्षी एकदा अग्निवीरची सीईई द्यायला लावतो. पास झाले तर निर्णय खरा असतो, कागदावरचा नाही. नाही झाले तर सीडीएसचा सामान्य ज्ञानाचा पेपर किती लांब आहे ते कळतं. आणि एक गोष्ट मी कधीच सांगत नाही, ती म्हणजे 'ऑफिसर नाही झालास तर जवान हो'. जवानाचं काम वेगळं, ऑफिसरचं वेगळं. तीस जणांच्या चुकीची जबाबदारी एकट्याने घेण्यात काहींना झोप लागत नाही. तोच माणूस उत्तम गनर किंवा क्लार्क होतो आणि सुखात राहतो.

त्या सार्जंटचं म्हणाल तर सीला बी ग्रेड मिळाली. पहिल्या एसएसबीला भोपाळहून पहिल्याच दिवशी परत आला. नंतर वर्षभर शनिवारी कट्ट्यावर येत राहिला, आता माझ्याऐवजी तोच वर्तमानपत्रातले मथळे कापतो. पुढच्या खेपेला पाच दिवस पूर्ण केले, कॉन्फरन्सनंतर नाव आलं नाही. त्याच्या कागदावर शेवटची तारीख सप्टेंबर २०२८ आहे. एसएससी जीडीचा फॉर्म मी त्याला वेळेत भरायला लावला.

मेडिकल आणि कागदपत्रं, दोन मिनिटांत

एफवायलाच एकदा डॉक्टरांकडून गुडघे, सपाट तळवे, डोळे, कान आणि पायावरच्या फुगलेल्या शिरा तपासून घ्या. कानातला मळ आणि वजन महिन्याभरात सुधारता येतं, बाकीच्याला वेळ लागतो. दंडावर, मानेवर टॅटू काढू नका, महाराजांचा असला तरी. हाताच्या आतल्या बाजूचं छोटं गोंदण चालतं.

कागदांची एक फाइल करा: दहावी-बारावीची गुणपत्रकं आणि प्रमाणपत्रं, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, आधार, पॅन, एनसीसी प्रमाणपत्रं. भरतीच्या वेळी पोलीस पाटलाचा किंवा सरपंचांचा चारित्र्याचा दाखला आणि अविवाहित असल्याचा दाखला लागतो, ते सहा महिन्यांच्या आतले हवेत. मुलाचं, वडिलांचं आणि आईचं नाव सगळीकडे अक्षरशः सारखं आहे ना ते बघा. दहावीवर 'दत्तात्रय' आणि आधारवर 'दत्तात्रेय' असेल तर राजपत्रातली दुरुस्ती, प्रतिज्ञापत्र, पुन्हा आधार केंद्र, असे दोन-तीन महिने जातात. हे काम एफवायच्या दिवाळीच्या सुट्टीत उरका. भरतीच्या आठवड्यात सेतू केंद्राचा सर्व्हर हमखास बंद असतो आणि पोलीस पाटील पुतण्याच्या साखरपुड्याला पुण्याला गेलेले असतात.